संस्थांचे वार्धक्य

संस्थेचे वय केवळ वर्षांनी मोजता येत नाही. काल यशस्वी ठरलेले उत्तर उद्याच्या प्रश्नालाही पुरेल, असे ती गृहीत धरू लागली की तिच्या वार्धक्यास आरंभ होतो. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्स, अर्थात एचएमटी, या सरकारी उद्योगाच्या इतिहासात याची दोन्ही अंगे दिसतात.

१९५३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने जलहळ्ळी येथे स्विस सहकार्याने यंत्रावजारे बनविण्यास प्रारंभ केला. १९६१ मध्ये तिने स्वतःच्या मिळकतीतून दुसरा कारखाना उभारला आणि त्याच वर्षी जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने मनगटी घड्याळेही तयार होऊ लागली. पुढे १९६६ च्या सुमारास औद्योगिक मंदी आली व यंत्रावजारांची मागणी घटली. तेव्हा व्यवस्थापकांनी जुन्या मालाला गिऱ्हाईक मिळण्याची वाट पाहिली नाही. धातूला अचूक आकार देण्याचे आपले कसब त्यांनी दाबयंत्रे, छपाईयंत्रे आणि ट्रॅक्टर यांकडे वळविले. मंदीनेच जणू संस्थेला तारुण्य दिले.

घड्याळांच्या बाबतीत मात्र उलट घडले. मागणी पुरवठ्याहून अधिक असल्याने विक्रीची कला शिकण्याची निकड भासली नाही. १९८४ मध्ये टाटा समूह व तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी टायटन कंपनी स्थापन केली. बंगळूरपासून जवळच असलेल्या होसूर येथे तिचा कारखाना उभा राहिला. तिने क्वार्ट्झ घड्याळ हा अलंकार मानून विकला. एचएमटीलाही क्वार्ट्झचे तंत्र अवगत होते. परंतु तिचे भांडवल, कारागीर आणि अभिमान चावीच्या घड्याळांत गुंतलेले होते. शिवाय गुंतवणुकीचे मोठे निर्णय दिल्लीच्या संमतीवाचून होत नसत. म्हणून सारा दोष व्यवस्थापकांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. यंत्रकामात आयुष्य घालविलेल्या कामगारांना या विलंबाची किंमत मोजावी लागली.

मग व्यवस्थापकाने काय करावे? पहिली गोष्ट, आपला माल आणि आपले कसब यांत भेद करावा. माल कालबाह्य होतो, कसब नव्या कामी लावता येते. दुसरी, नफ्याच्या काळातच नव्या प्रयोगासाठी पैसा व माणसे वेगळी काढावीत. तोट्यात आलेल्या संस्थेला तेवढी उसंत मिळत नाही. तिसरी, ग्राहकांची रांग हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र समजू नये. ती कित्येकदा केवळ टंचाईची खूण असते. कारागिरांना नवे तंत्र शिकविण्याची वेळही रांग असतानाचीच होय, ती ओसरल्यानंतरची नव्हे.