मामाच्या कानांची चौकशी
(मूत्रपिंडाचे विकार : भाग ७)

मुतखड्यामुळे लघवीतून येणारं रक्त गेल्या भागात पाहिलं. आता घराण्यातून येणारं.

सहा-सात वर्षांचा मुलगा. सर्दी-ताप आला की लघवी कोऱ्या चहासारखी होते. दुखणं नाही, जळजळ नाही, सोनोग्राफीही नॉर्मल. ताप उतरल्यावर रंग निवळतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसतच राहतात. त्यांचा आकार नीट बघायला हवा. मूत्रमार्गातून आलेल्या पेशी बहुधा गोल आणि शाबूत असतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतून घुसून आलेल्या वेड्यावाकड्या, अंगावर फुगवटे आलेल्या. नमुना मात्र ताजाच हवा. सकाळी घरी भरलेली बाटली दुपारी लॅबमध्ये पोचली, तर या फरकावर भरवसा ठेवता येत नाही.

१९२७ साली आर्थर सेसिल अल्पोर्ट या डॉक्टरांनी ब्रिटनमधल्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं. त्या घरात लघवीतून रक्त जायचं आणि ऐकूही कमी यायचं. पुरुष तरुणपणीच दगावत, बायका मात्र बऱ्याच जगत. पुढे या विकाराला अल्पोर्टचंच नाव मिळालं. गाळणीचा पडदा ज्या चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनचा बनतो, त्यातच दोष असतो. हेच कोलॅजेन आतल्या कानात आणि डोळ्याच्या भिंगातही असल्यामुळे लघवीच्या तक्रारीसाठी आलेल्या मुलाला ऑडिओमेट्रीला पाठवतात.

बहुतेक घरांत हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. म्हणजे तो बापाकडून मुलाकडे जाऊच शकत नाही. मुलाला मिळतो तो आईकडून. आपले कुळवृत्तांत बापाच्या बाजूने लिहिलेले, त्यामुळे इथे ते फारसे कामाचे नाहीत. विचारायचं ते आजोळाबद्दल : मामाला कमी ऐकू येतं का? आईच्या एखाद्या मावसभावाचं तरुणपणी डायलिसिस झालं होतं का? दोषाचा एक प्रकार मात्र आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असलेल्या घरांत तोही ध्यानात ठेवावा.

बायोप्सी केली तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सुरुवातीला काहीच वावगं दिसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तोच पडदा कुठे पातळ, कुठे जाड, थराथरांनी फाटलेला दिसतो. आता बऱ्याचदा आधी रक्तावरून जनुकचाचणी करतात. सीओएल४ए३, ए४ आणि ए५ ही तीन जनुकं त्यात तपासतात. घरात कुणालाच आजार नसला, तरी मुलात दोष नव्याने उद्भवलेला असू शकतो.

आईला ‘नुसती वाहक’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. अशा काही स्त्रियांची मूत्रपिंडंही उतारवयात निकामी होतात. मुलाच्या बाटलीबरोबर आईची, बहिणीची, मावशीची बाटलीही लॅबला जायला हवी. प्रथिनं जाऊ लागली की रामिप्रिलसारखं औषध सुरू करून आजाराचा वेग कमी करता येतो. आणि पुढे प्रत्यारोपणाची वेळ आलीच, तर पहिली पुढे सरसावते ती बहुधा आईच. तिची स्वतःची मूत्रपिंडं धड आहेत का, हे त्याआधी कळलेलं असायला हवं.