फिलोऱ्याची चौफुली

रणगाडा हे अवाढव्य यंत्र दिसावयास कितीही स्वयंपूर्ण भासले, तरी त्याच्याइतके परावलंबी शस्त्र दुसरे नसेल. सुमारे पन्नास टन वजनाच्या सेंच्युरियन रणगाड्याला पेट्रोल अतोनात लागे. पेट्रोल, दारूगोळा व दुरुस्तीचे सामान मालमोटारींतून येणार, आणि मालमोटारींना सडक हवी. शेतांतून मुसंडी मारणारे रणगाडेही म्हणूनच अखेर चौफुलीसाठी झुंजतात. सियालकोट आघाडीवरील फिलोरा हे खेडे नकाशावर क्षुल्लक. परंतु तेथे रस्ते एकमेकांस मिळत असल्यामुळे आणि लोहमार्गावरील चविंडा तेथून जवळच असल्यामुळे, १९६५ च्या सप्टेंबरात त्याला किल्ल्याचे मोल आले.

८ सप्टेंबर रोजी मेजर जनरल राजिंदर सिंग यांची पहिली चिलखती डिव्हिजन सरहद्द ओलांडून पुढे सरकली. प्रारंभीची मुसंडी वेगाची होती. पुढील दोन दिवस मात्र फेरजुळणीत गेले, आणि तेवढ्यात प्रतिपक्ष सावध झाला. युद्धात गमावलेला दिवस सहसा परत मिळत नाही.

११ तारखेच्या चढाईत मुख्य घाव घालण्याचे काम पूना हॉर्सकडे होते. या रिसाल्याच्या नावातच एक जुनी विसंगती दडलेली आहे. १८१७ मध्ये पुण्याच्या तहान्वये दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने तो उभा राहिला, आणि वर्ष सरता सरता त्याच पेशव्याविरुद्ध लढला! १९६५ मध्ये त्याचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांच्याकडे होते. मुंबईस जन्मलेले व पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत शिकलेले हे पारशी अधिकारी प्रथम हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात होते.

बेत असा होता, की फिलोरा व चविंडा यांच्यामधून घुसून फिलोऱ्यावर पिछाडीने पडावयाचे. तोच वजीरवालीच्या बाजूने शत्रूचे रणगाडे अंगावर आले. अशा वेळी माघार घेऊन मोर्चा नव्याने बांधण्याचा मोह कोणासही होईल. तारापोर जागचे हलले नाहीत. हल्ला अंगावर झेलीत त्यांनी एक स्क्वाड्रन व पायदळाची एक पलटण यांसह फिलोऱ्यावरच चाल केली. ते जखमी झाले. पण पिछाडीस जाण्याचे त्यांनी नाकारले. त्याच दिवशी फिलोरा हाती आले. पॅटन रणगाड्यांचा तोपर्यंत मोठा दबदबा होता. जुन्या घडणीच्या सेंच्युरियनने तो येथे बराच उतरविला. तोफेमागचा माणूस कसा तयार केला आहे, याला पोलादाच्या जाडीहून कमी महत्त्व नसते.

चविंडा मात्र हाती आले नाही. फिलोऱ्यानंतर पुन्हा वेळ गेला, आणि तेथील संरक्षण घट्ट झाले. १४ तारखेस वजीरवाली, १६ तारखेस जसोरां व बुतूर डोगरांडी अशी गावे घेत पूना हॉर्सने चविंड्याची पिछाडी गाठली. बुतूर डोगरांडीलाच त्या दिवशी तारापोर यांना वीरमरण आले. त्यांचे वय ४२ वर्षांचे होते. मरणोत्तर परमवीरचक्राच्या सन्मानपत्रात त्यांच्या रिसाल्याने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केल्याची व स्वतःचे केवळ नऊ गमावल्याची नोंद आहे.

आपल्या देहास रणांगणावरच अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. पारशी रिवाज बाजूस ठेवून ती पाळण्यात आली. २३ सप्टेंबरला तोफा थांबल्या. जानेवारी १९६६ मधील ताश्कंद करारानुसार दोन्ही सैन्ये जुन्या रेषेमागे गेली, आणि फिलोऱ्याची चौफुली परत देण्यात आली.