मेणबत्त्या आणि सांगकाम्या

दलाल स्ट्रीटच्या रिंगणात हातवारे आणि आरडाओरडा करून सौदे होत, त्या काळी चार्ट काढणाऱ्याची सामग्री साधी होती: आलेखाचा कागद, टोक काढलेली पेन्सिल आणि सकाळचं वर्तमानपत्र. नोव्हेंबर १९९४मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर शेअरांचे सौदे पडद्यावर सुरू झाले. पुढच्याच वर्षी मुंबई शेअर बाजारात पडद्यावरच्या सौद्यांची 'बोल्ट' प्रणाली आली आणि रिंगण ओस पडलं. आज तोच आलेख मोबाइलवर क्षणाक्षणाला स्वतःच स्वतःला काढत असतो.

त्यातली 'कँडल' मात्र जुनीच. अठराव्या शतकात जपानमधल्या ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाचे वायदे चालत. साकाताचा व्यापारी होम्मा मुनेहिसा याचं नाव कँडल काढण्याच्या पद्धतीशी जोडलं जातं. एका कँडलमध्ये चार भाव मावतात. भाव कुठे उघडला आणि कुठे बंद झाला ते जाड भाग सांगतो. किती चढला, किती उतरला ते वरखालच्या वाती सांगतात.

कँडलवर चढतात ते इंडिकेटर. सर्वांत साधा म्हणजे मूव्हिंग अॅव्हरेज. पाच दिवसांचे बंद भाव १००, १०२, १०१, १०५, १०७ असतील तर सरासरी १०३. सहाव्या दिवशी भाव ११० झाला, की १०० गळतो, ११० आत येतो आणि सरासरी १०५ होते. भाव ११०वर असताना रेषा १०५वर! ती भावाच्या मागून चालते; पुढचं तिला दिसत नाही. वेल्स वाइल्डरने १९७८मध्ये मांडलेला, १४ दिवसांचा हिशेब धरणारा आरएसआय हा इंडिकेटरही होऊन गेलेल्या भावांवरच उभा आहे.

पुढची पायरी ऑटोमेशनची. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या संकेतस्थळावर पाइन स्क्रिप्टमध्ये, अॅमीब्रोकर या सॉफ्टवेअरवर त्याच्या एएफएल भाषेत सौद्याचा नियम लिहिता येतो. अनेक ब्रोकर एपीआय देतात, म्हणजे आपला प्रोग्राम थेट ऑर्डर टाकू शकतो. पण इथे पहिल्यांदा कळतं, की 'शेअर मजबूत वाटला की घ्यायचा' हा नियमच नव्हे. मजबूत म्हणजे किती? कोणत्या भावाला? चुकलं तर कुठे बाहेर पडायचं? यंत्र सांगकाम्या आहे. त्याला 'वाटणं' कळत नाही.

लिहिलेला नियम जुन्या भावांवर चालवून बघणं म्हणजे बॅकटेस्ट. नवखे सर्वाधिक फसतात ते इथेच. १७ दिवसांची सरासरी घेतली तर तोटा आणि १९ची घेतली तर भरघोस नफा दिसला, तर तो नियम बाजाराबद्दल काही सांगत नाही; त्याने गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका पाठ केलेली असते. खर्च विसरणं हा दुसरा सापळा. समजा, सौद्यामागे सरासरी १५० रुपये सुटतात आणि वर्षात २०० सौदे होतात. कागदावर नफा ३०,००० रुपये. दलाली, कर आणि हव्या त्या भावाला सौदा न मिळाल्याचा फटका मिळून सौद्याला १२० गेले, तर हाती उरतात ६,०००.

सांगकाम्या चुकीचं कामही तितक्याच निष्ठेने करतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीच्या एका सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायचा राहिला. तिथला जुना, निकामी भाग जागा झाला आणि ऑर्डरी सोडत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या आसपास तोटा झाला.

बाजाराची नियामक असलेल्या सेबीने फेब्रुवारी २०२५मध्ये किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गोसाठी, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या अशा प्रोग्रामसाठी, चौकट आखली. अल्गोच्या ऑर्डरीला एक्स्चेंजने दिलेला ओळख-क्रमांक हवा. आतलं तर्कशास्त्र झाकून अल्गो विकणाऱ्याला रिसर्च अॅनालिस्ट म्हणून नोंदणी हवी. सेबीच्याच अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. चार्ट आणि इंडिकेटर ही हत्यारं तर बहुतेकांच्या हाताशी होतीच.

यंदा दिवाळीत मुहूर्ताचा सौदा करण्याआधी एक करून पाहा. आपला नियम कागदावर लिहा आणि बाजाराचा गंध नसलेल्या घरातल्या कुणाला तरी द्या. सोबत मागच्या वर्षीचा छापील चार्ट आणि पेन्सिल. तुम्हीही वेगळ्या प्रतीवर खुणा करा. दोन्ही कागदांवरच्या खुणा जुळल्या, तर नियम खर्चासकट तपासायला घ्या. नाही जुळल्या, तर यंत्राला सांगण्यासारखं तुमच्याकडे अजून काही नाही.