कंपनीचा नफा, सरकारचा कर आणि कामगारांचा बोनस

कंपन्यांवरील आयकर हा अर्थमंत्री, सनदी लेखापाल आणि भागधारक यांच्या विचाराचा विषय होय, कामगार संघांनी आपले लक्ष वेतन, महागाईभत्ता आणि कामाचे तास यांपुरते ठेवावे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. संघांच्या कार्यकर्त्यांतही ती आढळते. परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांतील बोनसच्या झगड्यांचा इतिहास ज्यांनी बारकाईने पाहिला असेल, त्यांना ही समजूत फारशी टिकाऊ वाटणार नाही. कर आणि कामगारांचा वाटा हे परस्परांचे प्रतिस्पर्धी केव्हा ठरतात आणि एकाच बाजूस केव्हा उभे राहतात, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीच्या दहा टक्के युद्धबोनस दिला. पुढील वर्षी तो पंधरा टक्के झाला, आणि युद्धोत्तर भरभराटीत नफ्यातून वार्षिक बोनस देण्याची वहिवाट काही वर्षे चालू राहिली. १९२३ सालाबद्दलचा बोनस मालकांनी नाकारला तेव्हा १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने असा अभिप्राय दिला की, रूढीने, कायद्याने अथवा न्यायबुद्धीने बोनसवर कामगारांचा कोणताही हक्क सिद्ध होत नाही. शिवाय त्या वर्षीची गिरण्यांची प्राप्ती बोनस देण्याजोगी नव्हती. या अभिप्रायाचा उत्तरार्ध लक्षात घेण्यासारखा आहे. हक्कच नाही असे एकदा ठरल्यावर प्राप्तीचा विचार करण्याचे वास्तविक प्रयोजन उरत नव्हते. तो केला गेला, आणि त्याबरोबर गिरणीच्या हिशेबाची वही वादाच्या मध्यभागी येऊन पडली. ती तेथून पुढे कधी हलली नाही.

गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातील १९४९ सालच्या बोनसच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाच्या पूर्णपीठाने १९५० साली जे सूत्र घालून दिले, ते पुढे पंधरा वर्षे देशभर प्रमाण मानले गेले. वर्षाच्या ढोबळ नफ्यातून प्रथम घसारा वजा करावयाचा; मग जुन्या यंत्रसामग्रीच्या नवीकरणासाठी तरतूद; भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के परतावा; खेळते भांडवल म्हणून वापरलेल्या गंगाजळीवर त्याहून कमी दराने परतावा; आणि आयकर. या सर्वांचे देणे भागल्यावर जो वाढावा उरेल त्यात कामगार, भागधारक आणि उद्योग यांचा हिस्सा. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या खटल्यात हे सूत्र कायम केले.

सूत्रात कामगाराचे स्थान शेवटच्या पंक्तीतले आहे हे उघडच दिसते. त्याच्या आधी पंक्तीत बसलेल्यांपैकी सरकार हे एक होय. कर जितका अधिक तितका वाढावा कमी, या न्यायाने बोनस मागणाऱ्या कामगाराला सरकारी तिजोरी ही आपली प्रतिस्पर्धी वाटल्यास नवल नाही. परंतु येथे एक गोम आहे. सूत्रात वजा होणारा कर हा कंपनीने प्रत्यक्ष भरलेला कर नव्हता. तो सूत्रापुरता कल्पिलेला कर होता. कल्पित कर आणि खरा कर यांच्यात जे अंतर पडते ते कोणाच्या पदरात जाते, यावरच पुढील दोन दशकांतील वादाचा मोठा भाग झाला.

डिसेंबर १९६१ मध्ये श्री. मो. र. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमण्यात आला आणि १९६४ च्या आरंभी त्याचा अहवाल आला. आयोगाने भागभांडवलावर सात टक्के आणि गंगाजळीवर चार टक्के परतावा सुचविला होता. सरकारने तो अनुक्रमे साडेआठ व सहा टक्के केला, आणि १९६५ च्या बोनस कायद्यात तेच आकडे आले. अग्रहक्काच्या रकमा फुगल्या की शेवटच्या पंक्तीतील पान आखडते, हे सांगावयास नकोच. किमान बोनसची हमी चार टक्के आणि कमाल मर्यादा वीस टक्के ठरली. किमान दर पुढे ८.३३ टक्के झाला.

कल्पित कराचा प्रश्न १९६८ साली मेटल बॉक्स कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे उभा राहिला. तो एका कल्पित उदाहरणाने समजून घेणे सोयीचे होईल. घसारा जाता एका कंपनीचा नफा १०० लाख रुपये, कराचा दर ५० टक्के आणि भांडवल व गंगाजळीवरील परतावा २० लाख रुपये आहे, असे समजू. बोनस देण्यापूर्वीच्या नफ्यावर कर धरला तर तो ५० लाख होतो आणि वाढावा ३० लाख उरतो. कायद्याप्रमाणे त्यातील साठ टक्के, म्हणजे १८ लाख, कामगारांच्या वाट्यास येतात. परंतु दिलेला बोनस हा आयकराच्या दृष्टीने खर्च असल्यामुळे कंपनी प्रत्यक्षात ८२ लाखांवरच, म्हणजे ४१ लाख, कर भरते. बोनसच्या हिशेबात ५० लाख वजा झाले आणि तिजोरीत ४१ लाख जमा झाले. मधले ९ लाख कंपनीच्या हाती राहिले. बोनस वजा करून कर धरावा असे म्हटले तर बोनस करावर आणि कर बोनसवर अवलंबून, असा फेरा पडतो खरा. परंतु शाळेतील बीजगणिताने तो सुटतो, आणि वरील उदाहरणात बोनस सुमारे २५.७ लाख येतो. न्यायालयाने कायद्याच्या शब्दांचा अर्थ कंपनीच्या बाजूने लावला: कर बोनसपूर्व नफ्यावरच धरावयाचा.

कामगार संघांच्या तक्रारीनंतर १९६९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. एका वर्षी बोनसमुळे वाचलेली कराची रक्कम पुढील वर्षीच्या वाढाव्यात मिळवावी, असे तिने ठरविले. आमच्या उदाहरणातील ९ लाख अशा रीतीने पुढील वर्षी वाढाव्यात येतील आणि त्यांतून ५.४ लाख कामगारांना मिळू शकतील. तत्त्व मान्य झाले. लाभ मात्र एक वर्ष उशिरा, आणि तोही साठ टक्केच. त्याच कायद्यातील दुसऱ्या एका तरतुदीला या दुरुस्तीचा स्पर्श झाला नाही. उद्योगाच्या विकासासाठी सरकार करात ज्या सवलती देते, त्या बोनससाठी कर काढताना हिशेबात धरावयाच्या नाहीत, अशी ती तरतूद होती. विकासवजावट तेवढी अपवाद, पण तीही नफ्यातून आधी वेगळी वजा होत असे. याचा अर्थ असा की, सरकारने कंपनीला कर माफ केला तरी कामगाराच्या वाट्यातून तो वसूल झाल्याचे मानले जाई. सवलतीचा पैसा यंत्रसामग्रीसाठी आहे, वाटून खाण्यासाठी नाही, हे तिचे समर्थन अगदीच निराधार नव्हे. परंतु तो यंत्रसामग्रीतच गेला की नाही, हे पाहण्याचा कामगारांना अधिकार नव्हता.

हिशेब तपासण्याचा हा अधिकार हाच माझ्या मते या विषयाचा गाभा होय. १९६० साली खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स विरुद्ध राष्ट्रीय गिरणी कामगार संघ, जळगाव, या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले होते की, गंगाजळी खेळते भांडवल म्हणून वापरल्याचे ताळेबंदात लिहिले म्हणजे ते सिद्ध होत नाही. मालकाने पुरावा दिला पाहिजे आणि कामगारांना तो तपासण्याची संधी मिळाली पाहिजे. १९६५ च्या कायद्याने भार उलटा केला. तपासनीसाने तपासलेला कंपनीचा ताळेबंद व नफातोटापत्रक अचूक आहेत असे गृहीत धरावयाचे. प्रतिज्ञापत्राची गरज नाही. एखाद्या रकमेचा खुलासा हवा असल्यास संघाने न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. वाद लवकर मिटावेत हा हेतू रास्त होता. तथापि ज्याच्या हाती वही नाही त्यानेच वहीतील चूक दाखवावी, ही अपेक्षा व्यवहारात फार मोठी ठरते. बँकांच्या बाबतीत तर पडदा आणखी जाड होता. १९६० च्या दुरुस्तीने बँकांना आपली गुप्त गंगाजळी उघड करण्यापासून संरक्षण मिळाले; किती रक्कम हिशेबात धरावी ते रिझर्व्ह बँकेने न्यायाधिकरणास कळवावयाचे. अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटनेने या तरतुदीस आव्हान दिले, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले.

आपल्या बोनसशी पुष्कळ साम्य असलेली व्यवस्था फ्रान्समध्ये १९६७ च्या एका अध्यादेशाने अस्तित्वात आली, आणि वहीचा प्रश्न तेथे अधिक उघड्या स्वरूपात पुढे आला. तेथील ठरावीक आकाराच्या प्रत्येक कंपनीने नफ्याचा हिस्सा कामगारांसाठी राखून ठेवावयाचा असतो. करपात्र नफ्यातून कर वजा करावयाचा, त्यातून स्वतःच्या भांडवलाचे पाच टक्के काढावयाचे, उरलेल्याचे निम्मे करून कंपनीच्या मूल्यवृद्धीत वेतनाचे जे प्रमाण असेल त्याने गुणावयाचे, असे तिचे सूत्र आहे. आरंभीचा आकडा करखात्याला दाखविलेल्या नफ्याचा असल्यामुळे, तो नफा देशाबाहेर गेला की कर बुडतो आणि त्याच क्षणी कामगारांचा हिस्साही बुडतो. ज्ञात नफ्याच्या वाटपात सरकार आणि कामगार एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात, हे आपण मुंबईच्या सूत्रात पाहिले. नफाच नाहीसा झाला की दोघांचे नुकसान एकच होते.

वोल्टर्स क्लुवर या डच प्रकाशनसंस्थेच्या फ्रान्समधील शाखेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २००७ साली तिच्या अनेक कंपन्या एकत्र करण्यात आल्या आणि त्यासाठी मातृसंस्थेकडून ४४.५ कोटी युरोचे कर्ज घेण्यात आले. त्याच्या व्याजाने करपात्र नफा खाऊन टाकला आणि कामगारांचा हिस्सा शून्यावर आला. संघांनी दावा लावला. व्हर्सायच्या अपील न्यायालयाने २०१६ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु २०१८ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. करनिरीक्षकाने किंवा तपासनीसाने एकदा दाखला दिला की नफ्याच्या आकड्यास कामगारांना, लबाडीचा आरोप करूनही, हात लावता येत नाही, असे त्याचे म्हणणे. जानेवारी २०२४ मध्ये तेथील संविधान परिषदेनेही हा नियम घटनेस धरून असल्याचे ठरविले. आपला १९६५ चा कायदा निदान खुलासा मागू देत होता, एवढाच काय तो फरक.

हा दरवाजा बंद होण्यापूर्वीच संघ दुसराही शोधू लागले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये युरोपातील सार्वजनिक सेवा व अन्नउद्योग यांतील कामगारांचे महासंघ आणि अमेरिकेतील सेवाक्षेत्रातील संघ यांनी मॅकडोनल्ड्स कंपनीच्या लक्झेंबुर्ग शाखेसंबंधी अहवाल प्रसिद्ध केला. उपाहारगृहांच्या विक्रीवर घेतली जाणारी रॉयल्टी त्या शाखेकडे जमा होत असे आणि तेथे तिच्यावर कर जवळजवळ लागतच नसे. फ्रान्समध्ये या रॉयल्टीचा दर २००९ साली विक्रीच्या पाच टक्क्यांवरून दहा टक्के करण्यात आला होता. ज्या उपाहारगृहात पोरेपोरी दिवसभर राबतात, तेथे नफा का दिसत नाही, याचे उत्तर या दरात होते. युरोपीय आयोगाने चौकशी केली, आणि कर न लागणे हे लक्झेंबुर्ग व अमेरिका यांच्या कायद्यांतील विसंगतीचे फळ आहे, बेकायदा सरकारी साहाय्य नव्हे, असा निर्णय २०१८ मध्ये दिला. आयोगाच्या पातळीवर संघ हरले. परंतु पॅरिस परिसरातील कामगार प्रतिनिधींनी डिसेंबर २०१५ मध्ये स्वतंत्र फौजदारी तक्रार दाखल केलेली होती. तिच्यातून सुरू झालेल्या चौकशीअंती जून २०२२ मध्ये कंपनीने थकलेला कर व दंड मिळून सुमारे १२४.५ कोटी युरो फ्रेंच सरकारला देण्याचे मान्य केले. वेतनाच्या वाटाघाटीत न मिळालेली वही करखात्याच्या मार्गाने उघडली, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ही रक्कम तिजोरीत गेली. सूत्राचा आकडा फिरवून कामगारांचा हिस्सा मिळविण्याचा झगडा वेगळाच राहिला.

आपल्याकडे २०१९ च्या वेतन संहितेत बोनसच्या तरतुदी समाविष्ट करण्यात आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात सवलती सोडणाऱ्या देशी कंपन्यांसाठी आयकराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला. मुंबईच्या जुन्या सूत्राप्रमाणे कर उतरला म्हणजे वाढावा चढावयास हवा, आणि तो चढतोही. परंतु वीस टक्क्यांच्या कमाल मर्यादेपलीकडे त्याचा कामगाराला वार्षिक बोनसच्या रूपाने उपयोग होत नाही. दर उतरविण्याच्या चर्चेत संघांचा आवाज क्षीण राहिला याचे एक कारण हेही असू शकेल की, सूत्राने त्यांना कमी कराचे हितसंबंधी बनवून ठेवले होते आणि मर्यादेने तो हितसंबंध पोकळ केला होता.

बहुराष्ट्रीय समूहांनी प्रत्येक देशातील आपली विक्री, नफा, कामगारसंख्या आणि भरलेला कर यांचे पत्रक द्यावे, ही संघांची जुनी मागणी आहे. भारतात असे पत्रक करखात्याकडे जाते व तेथे गोपनीय राहते. युरोपीय संघाने २०२१ च्या निर्देशाने ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढालीच्या समूहांना ते जाहीर करावयास लावले असून, जून २०२४ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून तो लागू आहे. चाकण किंवा तळोजे येथे कारखाना असलेल्या एखाद्या युरोपीय समूहाचे हे पत्रक तेथील कामगार संघ आता पाहू शकेल. त्यात युरोपीय संघातील प्रत्येक देशाचे आणि युरोपाने असहकारी म्हणून यादीत टाकलेल्या प्रदेशांचे आकडे वेगवेगळे असतील. भारताचे आकडे उरलेल्या सर्व देशांबरोबर एकाच बेरजेत मिळविलेले असतील.