हुप्प्याचा सूड नव्हे, पोट आणि घराणं

डिसेंबर 2021मध्ये माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव एकाएकी देशभर गाजलं. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी सूड उगवत कुत्र्यांची अडीचशे पिल्लं उंचावर नेऊन टाकली, अशी ती बातमी. नागपूरहून आलेल्या वन विभागाच्या पथकाने दोन वानरं पकडली आणि प्रकरण निवळलं. अडीचशे हा आकडा मोजला कुणी, हे फारसं कुणी विचारलं नाही. सूड मात्र सगळ्यांना पटला.

करमाळा तालुक्याची तऱ्हा वेगळी नाही. वानरांची टोळी केळीत शिरली की तो ‘माज’ आणि मारुतीच्या पारावर बसली की ती ‘भक्ती’. खरं तर वानराचं वागणं समजून घ्यायला आधी त्याचं पोट पाहावं, मग त्याचं घराणं.

लाल तोंडाचं माकड हाती लागेल ते गालात कोंबून पळतं. काळ्या तोंडाच्या वानराला गालाच्या पिशव्या नसतात. त्याची सोय जठरात. हे जठर गाईच्या पोटासारखं कप्प्याकप्प्यांचं असतं आणि त्यातले जिवाणू पाला आंबवून पचवतात. कोवळं पान तर सगळेच खातात. वानर जून, तुरट पानावरही निभावून नेतं. पाऊस बेताचा आणि रान विरळ अशा करमाळ्यासारख्या मुलखात वड, पिंपळ, उंबर, चिंच एवढ्या भांडवलावर आख्खी टोळी जगू शकते, ती या पोटामुळे.

हे पोट मूळचं आफ्रिकेतलं. या कुळातले सव्वा कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म केनियात सापडले आहेत. तिथल्या जंगलांत आजही आपल्या वानराचे भाऊबंद राहतात, त्यांना कोलोबस म्हणतात. अंगठा जवळपास नाहीच, उरलेल्या चार बोटांनी फांदी पकडून झेप घ्यायची. झांझिबार बेटावरचे लाल कोलोबस गावालगतच्या आंब्याची आणि देशी बदामाची पानं खातात आणि वर चक्क लोणारी कोळसा चघळतात. पानांतली विषारी द्रव्यं कोळशाने शोषली जात असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. पोट बिघडलं की आपणही हेच करतो, फक्त केमिस्टकडून गोळी आणून.

इथिओपिया-केनियातला ग्वेरेझा कोलोबस तर पाहतच राहावा असा. काळं अंग, पाठीवरून झुलणारी पांढरी झालर. आणि त्याचं नवजात पिल्लू नखशिखांत पांढरं. आपल्याकडे नेमकं उलटं. करडी आई आणि काळपट पिल्लू. दोन्हीकडे पिल्लाचा रंग टोळीत चटकन उठून दिसतो आणि मावश्या-आत्या त्याला घ्यायला धावतात. वानराचं पिल्लू जन्माच्या दिवसापासून या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं. तेवढ्या वेळात आईला निवांत चरता येतं आणि तरण्या माद्यांना पोर सांभाळण्याचा सराव होतो.

लवूळचं कोडं मला इथे सुटतंसं वाटतं. परकं पिल्लू उचलावं, छातीशी धरावं, अंगावरचे किडे वेचावेत आणि कंटाळा आला की सोडून द्यावं, हे वानराच्या अंगवळणीच आहे. फक्त कुत्र्याच्या पिल्लाला फांदी धरता येत नाही. झाडावर किंवा पत्र्यावर राहिलेलं पिल्लू पडतं, नाहीतर उपाशी मरतं. त्यासाठी वैराची गरज नाही.

वानरांत खरी क्रूरता आहे, पण ती घरातली. टोळीतल्या माद्या जन्मभर एकत्र राहतात. नर वयात आले की बाहेर पडून त्यांचं वेगळं टोळकं होतं. त्यातला एखादा जुन्या हुप्प्याला हाकलून टोळी बळकावतो आणि पुष्कळदा अंगावर पिणारी पिल्लं मारतो. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी 1960च्या दशकात धारवाडजवळ हे नोंदवलं. पुढे सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवर 1977मध्ये पुस्तक लिहिलं आणि कारण मांडलं: दूध तुटलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या हुप्प्याचा वंश सुरू होतो. ही विकृती आहे, गर्दीमुळे असं होतं, असे आक्षेप बरीच वर्षं घेतले गेले. 1999मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. हल्लेखोर नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. माझ्या मते वादाचं वजन तिथेच एका बाजूला झुकलं.

माणसांशी मात्र वानरांचं जमलं आहे, कधीकधी सातबाऱ्यापर्यंत. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात 32 एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याचं 2022मध्ये छापून आलं. ही नोंद कुणी आणि कधी केली, हे गावातही कुणाला सांगता येत नव्हतं. उजनीच्या पाण्यावर केळी पिकवणाऱ्याला एवढं औदार्य परवडणार नाही, आणि त्याची तक्रार खोटीही नाही. पण टोळी शेताकडे वळायला आपलाही हात लागतो. बांधावरची चिंच, उंबर तोडले की टोळीपुढे उरते ती केळी आणि तूर. त्यात रस्त्याकडेला गाडी थांबवून दिलेली बिस्किटं आणि चपात्या. पाल्यासाठी घडलेल्या पोटात पीठ-साखर भलतीच झपाट्याने आंबते, आणि आयत्या खाण्याला चटावलेली टोळी पुन्हा रानात जात नाही.

तेव्हा शनिवारी मारुतीला तेल जरूर वाहा, बिस्किटाचा पुडा मात्र घरीच ठेवा. पिकाचं नुकसान झालं असेल तर गोफण-फटाक्यांवर न थांबता वन विभागाकडे लगेच अर्ज देऊन पंचनामा करून घ्या. आणि बांधावर उंबर शिल्लक असेल तर तो तोडू नका.