गुण कोठडीचा की रोजच्या फेरीचा?

पारदर्शक लांबट कोठडीत माणसाला झोपवतात, आतला दाब वाढवतात आणि तासभर शुद्ध ऑक्सिजन देतात. या हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपीला थोतांड म्हणता येणार नाही. खोल समुद्रातून झपाट्याने वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, तेव्हा हाच उपाय कामी येतो. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम यांतही डॉक्टर तो सुचवतात. वाद आहे तो मेंदूबद्दल. मार बसून महिने उलटले तरी डोके ठणकते, झोप उडालेली, विसर पडतो, क्षुल्लक कारणावरून संताप येतो. अशा माणसाला ही कोठडी बरे करते का? मेंदूला ऑक्सिजन भरपूर लागतो, तेव्हा जास्त दिला तर दुखावलेल्या पेशी सावरतील, हा तर्क चटकन पटतो. चटकन पटणाऱ्या तर्कांची परीक्षा मात्र जरा कडकच घ्यावी.

ती अमेरिकी लष्कराने घेतली. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या अनेक सैनिकांना नेमका हाच त्रास होता. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा 72 जणांचे तीन गट केले. एकाला नेहमीचेच उपचार मिळाले. दुसऱ्याने कोठडीत दीडपट दाबाखाली ऑक्सिजन घेतला. तिसराही कोठडीत गेला, तितक्याच म्हणजे 40 वेळा. पण त्याला मिळाली साधी हवा, आणि दाबही कानांना दडे बसण्यापुरताच, 1.2 पट. कोठडीत गेलेले दोन्ही गट पहिल्यापेक्षा सुधारले. त्या दोघांत मात्र फरक निघाला नाही. म्हणजे सैनिकांना बरे वाटले ते खरेच, पण त्याचे श्रेय ऑक्सिजनच्या खात्यावर मांडता येत नाही. ते कुठे मांडायचे? महिनोन्महिने दुर्लक्षित राहिलेल्या माणसाकडे कुणीतरी रोज ठरल्या वेळी लक्ष देते, विचारपूस करते, तासभर त्याला स्वस्थ पडू देते. माझ्या मते तपासण्यासारखे औषध इथे आहे.

समर्थक यावर बिनतोड वाटणारा मुद्दा काढतात: साधी हवाही दाबाखाली गेली की रक्तात थोडा जास्त ऑक्सिजन जातोच, मग तिसरा गट औषधाविना कसा? शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर 2014 च्या दुसऱ्या चाचणीत आहे. तिथे सगळ्याच सैनिकांना दुप्पट दाबाखाली ठेवले आणि फक्त श्वासातल्या ऑक्सिजनचे प्रमाण बदलले. एका गटाला ते 10.5 टक्के, म्हणजे दाब धरूनही मोकळ्या हवेत मिळते तेवढेच दिले. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा गटागटांत तफावत नव्हती. इस्रायलमधल्या 2013 च्या ज्या अभ्यासाचा दाखला वरचेवर दिला जातो, त्यात 56 रुग्ण सुधारल्याचे दिसते. पण त्यात लुटुपुटूच्या उपचाराचा गटच नव्हता, त्यामुळे मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो. निकाल सगळे एकाच बाजूचे आहेत असेही नाही. 2018 च्या अमेरिकी चाचणीत ऑक्सिजनवाल्यांना 13 आठवड्यांनी काही बाबतींत फायदा दिसला. सहा महिन्यांनी तो ओसरला.

बरे वाटतेय ना, मग कारणाची चिकित्सा कशाला, असे कुणी म्हणेल. कारण असे की ही थेरपी निरुपद्रवी नाही. कानाच्या पडद्याला इजा होते, क्वचित झटके येतात, आणि ऑक्सिजनने भरलेल्या कोठडीत ठिणगीही पुरते. जानेवारी 2025 मध्ये मिशिगनमधल्या एका केंद्रात अशीच आग लागून 5 वर्षांचा मुलगा दगावला. दुसरे, 40 फेऱ्यांचा खर्च करून बसलेल्या घरात पुढच्या उपचारासाठी पैसा आणि उमेद दोन्ही उरत नाहीत. मानसिक आघाताच्या आठवणींवर थेट काम करणारी मानसोपचाराची सत्रे आणि झोपेचे उपचार यांच्यामागे भक्कम पुरावा आहे. ठरलेली वेळ आणि विचारपूस तिथेही मिळू शकते, आणि त्यासाठी कुणाला कोठडीत झोपवावे लागत नाही.