खडक चढणारी गाडी

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातून जाताना बालाघाटच्या डोंगरांकडे एकदा नीट पाहा. येडशीच्या बाजूने या की तुळजापूरच्या, डोंगराची कड बहुतेक ठिकाणी पायऱ्यापायऱ्यांची दिसेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि त्यांचा काळा बेसाल्ट खडक बनला. सर्व थर सारखे झिजले नाहीत, म्हणून या पायऱ्या उरल्या. या खडकाला भूशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. जिना या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून हे नाव पडले.

अशा खडकावर शेळी सहज चढते. मोटार का चढत नाही? आणि चढवायचीच असेल तर तिच्यात काय बदलावे लागेल?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. जुन्या जीपचे सुटे भाग आणि लोखंडी नळ्या जोडून घरच्या घरी खडक चढणाऱ्या गाड्या बनवणारे हौशी लोक जगात पुष्कळ आहेत. ओबडधोबड जमिनीवर चालणारी एका माणसाची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बनवायची, अशी ‘बाहा’ स्पर्धा अमेरिकेत १९७६ साली सुरू झाली. भारतात ती २००७ पासून होते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी तर भंगारातील भाग जोडून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात ती देशभर गाजली. ती खडकावर चढणारी नव्हती हे खरे, परंतु गावातल्या कारागिराच्या हातून गाडी घडू शकते हे तिने दाखवले.

चाक आणि धोंडा

प्रथम चाक घेऊ. चाकापुढे धोंडा आला, तर चाकाला त्याच्या कडेवरून वर चढावे लागते. समजा, चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ३५ सेंटिमीटर आहे. धोंडा ७ सेंटिमीटर उंच असेल, तर चाक आडवे ओढून त्यावर चढवण्यास चाकावरील भाराच्या पाऊणपट जोर लागतो. धोंडा साडेसतरा सेंटिमीटरचा असेल, तर जोर भाराच्या पावणेदोन पट होतो. धोंड्याची उंची त्रिज्येइतकी झाली, की कितीही ओढा, चाक वर येत नाही! बैलगाडीची चाके मोठी का करतात, हे आता लक्षात आले असेल. खडकावरच्या गाडीलाही म्हणूनच मोठी चाके लावतात. शिवाय इंजिनाचा जोर चारही चाकांना देतात. मग मागची चाके ढकलत असताना पुढची चाके स्वतः फिरून धोंड्याला पकडतात आणि वर चढतात.

हळू, पण जोरात

आता थोडे गणित करू. चालकासह ८०० किलोग्रॅमची गाडी ३० अंशांच्या चढावर आहे. ३० अंशांची ज्या (साइन) ०.५ असते. म्हणून गाडी वर सरकवण्यास ४०० किलोग्रॅम-भार इतका जोर हवा. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर. तेव्हा चाके फिरवण्यासाठी लागणारे परिबल ४०० × ०.३५ = १४० किलोग्रॅम-मीटर झाले. लहान मोटारीचे इंजिन साधारण ६ किलोग्रॅम-मीटर परिबल देते. म्हणजे ते गिअरच्या साहाय्याने निदान २३ पट वाढवले पाहिजे. घर्षणात वाया जाणारा जोर आणि वाटेतले धोंडे जमेस धरले, तर ४० पट केलेले बरे.

पण गिअर काही फुकट देत नाहीत. जोर ४० पट झाला की वेग ४० पटीने घटतो. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर चाक सदतीसएक फेरेच घेईल. चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर अंतर कापले जाते. हिशेब करा: ताशी वेग ५ किलोमीटरच्या आत, म्हणजे माणसाच्या चालीइतका! खडकावरची गाडी रांगते ती अशी.

तिवई का डगमगत नाही?

चार पायांचे टेबल उंचसखल फरशीवर डगमगते. तीन पायांची तिवई डगमगत नाही. कारण तीन बिंदू नेहमी एका प्रतलात असतात, चौथा असेलच असे नाही. चार चाकांच्या गाडीचेही तसेच. खडकावर तिची तीन चाके टेकतात आणि चौथे अधांतरी राहते.

यात मोठी अडचण आहे. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल बसवलेले असते. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. अधांतरी चाकाला फिरायला जोर जवळजवळ लागतच नाही. मग त्याच्या जोडीच्या, जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. एक चाक भिरभिरते, दुसरे गप्प उभे राहते आणि गाडी अडते. उपाय दोन. डिफरन्शियल जखडून टाकायचे. ट्रॅक्टरवर त्यासाठी वेगळे पेडल असते. किंवा सर्व चाके जमिनीला टेकलेली राहतील अशी रचना करायची. ट्रॅक्टरचा पुढचा आख मधोमध एका खिळीवर झुलतो, तो याचसाठी.

याच तत्त्वाची सुधारलेली आवृत्ती चंद्रावर गेली आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ मधून उतरलेल्या ‘प्रज्ञान’ गाडीला सहा चाके होती. ती बिजागरीच्या दांड्यांवर बसवलेली असल्याने एक चाक दगडावर चढले तरी बाकीची जमीन सोडत नाहीत. तिचा वेग होता सेकंदाला एक सेंटिमीटर!

उलटण्याचा कोन

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडीच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा चाकांच्या बाहेर पडला, की गाडी उलटते. दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर १४० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७० सेंटिमीटर असेल, तर आडव्या उतारावर गाडी ४५ अंशांना उलटेल. वर ओझे लादून ही उंची १०० सेंटिमीटर केली, तर ३५ अंशांनाच! आता असे समजा, की ही ओझ्याची गाडी २५ अंशांच्या उतारावर आडवी चालली आहे आणि वरच्या अंगाचे चाक २५ सेंटिमीटरच्या धोंड्यावर चढले. तेवढ्याने गाडी आणखी सुमारे १० अंश कलते. २५ आणि १० मिळून ३५. गाडी गेलीच म्हणून समजा.

बांधावर ट्रॅक्टर उलटतात ते याच हिशेबाने. ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. पुढचा आख झुलता असल्याने त्याचा आधार चौकोनी नसून, मागची दोन चाके आणि पुढची खिळी असा त्रिकोणी असतो. जी रचना त्याला खडबडीत रानात चालवते, तीच त्याला बाजूला लवकर कलंडू देते. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती लोखंडी चौकट सक्तीची झाली, आणि तेथील अशा अपघातांतील मृत्यू पुढे खूपच घटले. घरी बनवलेल्या गाडीतही नळ्यांचा पिंजरा आणि पट्टा आधी, इंजिन नंतर. पट्टा नसेल तर माणूस फेकला जाऊन पिंजऱ्याखालीच सापडतो. आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तर कधीच बसू नका.

अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी लागते, हेही ध्यानात ठेवा.

करून पाहा

एक फळी, खेळण्यातला ट्रक, कोनमापक, दोरा आणि लहानसा दगड घ्या. कोनमापक फळीच्या कडेला चिकटवून त्याच्या मध्यबिंदूपासून दगड बांधलेला दोरा सोडा. फळी सपाट असताना दोरा ९० वर असेल. त्यात जो फरक पडेल तो फळीचा कल. ट्रक फळीवर आडवा ठेवा. तो घसरू नये म्हणून खालच्या चाकांशी एक पातळ काडी चिकटवा. फळी हळूहळू उचला आणि ट्रक कोणत्या कोनाला उलटतो ते मोजा.

चाकांमधील अंतराच्या निम्म्याला त्या कोनाच्या टॅनने भागले, की गुरुत्वमध्याची उंची मिळते. अंतर ८ सेंटिमीटर आणि कोन ४५ अंश असेल, तर उंची ४ सेंटिमीटर. आता ट्रकमध्ये तळाशी माती भरा, मग माती काढून वर दगड रचा, आणि प्रत्येक वेळी कोन मोजून वहीत मांडा. कोणत्या भरणीत ट्रक सर्वांत उशिरा उलटला? त्याचे कारण तुमच्या वर्गाला आकृती काढून समजावून सांगा.